प्रसाद म्हणून घ्या

फोन आला तेव्हा राजशेखरच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. नांदेडच्या वजिराबादमधल्या एका दुकानात त्यानं काचा बदलायला दिल्या होत्या आणि दुकानदार म्हणाला होता, बसा सर, पाच मिनिटांत देतो. म्हणजे अर्धा तास. बाहेरचा रस्ता त्याला नुसता हलणाऱ्या रंगांचा दिसत होता. पिवळट काही सरकलं की ऑटो, निळ्या-केशरी पगड्यांचा पुंजका आला की गुरुद्वाऱ्याकडं निघालेले यात्रेकरू. अशा वेळी माणसाला उगाच हलकं वाटतं. आपल्याला कोणी नीट दिसत नाही म्हणजे आपणही कोणाला दिसत नसू, अशी एक लहान मुलासारखी समजूत होते. त्या हलकेपणातच त्यानं फोन कानाला लावला. लातूरहून अमरनाथ बोलत होता, राजशेखर जिला दर महिन्याला लाडू पाठवायचा त्या सिद्धम्माचा मुलगा. गंजगोलाईच्या मागं त्याचं सरकी-पेंडीचं दुकान, आणि दिवसभर हमालांशी बोलून त्याचा आवाज कायमचा चढलेला.

"शरणु शरणार्थी, सर. लाडवाचा डबा संपत आलाय बगा. ह्या बारीला दोन पाठवा."

"दोन कशाला?"

"घरात आता दोन जिवाची हाय न्हवं." अमरनाथ लाजून हसला. "अंजूला तिसरा लागलाय. मागल्या साली चौथ्यात गेलं व्हतं. तुमाला सांगितलं न्हाई, वाईट बातमी कामून सांगायची. पन आता देव पावला. आई म्हनली, सरांना सांग, पोरीला आता चतकोर पुरायचा न्हाई, आर्धा लागंल."

"अंजूला देता तुम्ही तो लाडू?"

"सगळ्यालाच की. मुनीम अण्णारावलाबी, त्यो तर हल्ली लई गाढ झोपतोय. तुमीच न्हाई का सांगितलात, परसाद म्हनून घ्या म्हनून? परसाद कुनी एकटं खातंय का, सर?"

तेवढ्यात दुकानदारानं चष्मा आणून त्याच्या नाकावर ठेवला आणि कानामागं काड्या बसतात का ते बघू लागला. रस्ता एकदम स्वच्छ झाला. समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी, पाटीवरची बारीक अक्षरं, पायरीवर बसून पोराला बिस्कीट भरवणारी एक बाई, सगळं नको इतकं स्पष्ट. कसं दिसतंय, दुकानदारानं विचारलं. राजशेखर फोनमध्ये म्हणाला, मी येतो, आजच येतो. "या की," अमरनाथ म्हणाला, "घर तुमचंच हाय." फोन बंद झाल्यावर राजशेखरच्या लक्षात आलं की सांगायचं ते एकच वाक्य होतं आणि ते फोनवरही सांगता आलं असतं. दुकानात गिऱ्हाईक असेल, असल्या गोष्टी समोर बसून सांगायच्या असतात, असं तो स्वतःला समजावत होता, आणि समजावतोय हे त्याला कळतही होतं. आजचा प्रसाद सकाळच्या पूजेनंतर वाटून झाला असणार, उद्याच्या आत पोचलो म्हणजे झालं. असा हिशेब करून तो स्टँडवर गेला आणि लातूरच्या गाडीत बसला.

लोहा मागं पडलं तरी त्याच्या डोक्यात तो अभ्यासच चालू होता. उतारवयाकडं झुकलेल्या बायकांची उदासी, त्यांचं खाणंपिणं आणि आस्कंद, म्हणजे अश्वगंधेची मुळी, असा त्याचा विषय. गेली पंधरा वर्षं तो नांदेडच्या एका कॉलेजात पोषणशास्त्र शिकवत होता आणि पंधरा वर्षं ऐकत होता की लातूर-उदगीरकडच्या बायका मनाचं दुखणं सांगत नाहीत, डोकं दुखतं म्हणतात, हातपाय गळतात म्हणतात, फार झालं तर वारं लागलं म्हणतात. या बायका गोळी घेणार नाहीत, पण लाडू खातील. ही कल्पना त्याची, आणि ती चांगली होती, अजूनही त्याला चांगलीच वाटत होती. निम्म्या बायकांना ज्वारी, तीळ आणि गुळाच्या लाडवात आस्कंदाची पूड, निम्म्यांना तसाच दिसणारा साधा लाडू. बायका निवडताना त्यानं आणखी एक शहाणपणा केला होता. पाळी गेलेल्याच घ्यायच्या, म्हणजे गरोदरपणाची भानगडच नको. गरोदर बाईला आस्कंद देऊ नये हे त्याच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही पाठ असतं. अभ्यासाला परवानगी देणाऱ्या नैतिक समितीनं त्या मुद्द्यावर त्याला एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. इतकं दार-खिडक्या लावून घेतलेलं काम होतं ते. आणि चोर घरातलाच निघाला होता.

कारण महिनाभरात लाडू परत येऊ लागले होते. बायका नाकाला पदर लावायच्या. म्हणायच्या, घोड्याच्या तबेल्याचा वास येतोय, घशाखाली उतरत न्हाई. मदतनीस मुली रडकुंडीला आल्या. तेव्हा राजशेखर स्वतः लातूरला गेला, मठाच्या मंडपात सगळ्या बायकांना जमवलं, खुर्ची बाजूला सारून सतरंजीवर मांडी घातली आणि ठेवणीतली बोली काढली. कॉलेजात तो ती बोलत नसे. "आवो, औषध म्हनून घेऊ नका," तो म्हणाला होता. "औषध कडू लागतंय, औषधाला माणूस कंटाळतंय. परसाद म्हनून घ्या. परसादाला कुनी वास घेऊन बघतंय का? परसाद कदी चुकवतेत का?" बायकांच्या माना हलल्या. पुढच्या महिन्यापासून डबे अगदी रिकामे येऊ लागले, चाटूनपुसून. पुण्याच्या एका परिषदेत त्यानं ही गोष्ट रंगवून सांगितली होती. विज्ञानानं लोकांच्या श्रद्धेचा हात धरला पाहिजे, असं काहीतरी वाक्यही टाकलं होतं, आणि जेवणाच्या रांगेत दोन म्हाताऱ्या प्राध्यापकांनी त्याची पाठ थोपटली होती. बाहेरचा कोणी असता तर त्याला असं सुचलंच नसतं. हे त्यालाच सुचू शकत होतं, आणि आता अहमदपूरच्या अलीकडं गाडी खड्ड्यातून आदळत असताना तेच त्याला सोसवेना. बाहेरच्याला सुचलं असतं तर निदान त्याला ठाऊक नव्हतं असं म्हणता आलं असतं.

ह्याला ठाऊक होतं. ह्याचं सगळं लहानपण त्यात गेलं होतं. उदगीरच्या लिंगायत घरात आई सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि पूजा संपली की केळं असो, खडीसाखर असो, खोबऱ्याची वाटी असो, घरात जितकी तोंडं तितके तुकडे. शेजारची कोणी विस्तवाला आली तरी तिचा तुकडा. थोरला भाऊ गुलबर्ग्याला शिकायला गेला तेव्हा आई त्याचाही तुकडा कोनाड्यात ठेवायची. मुंग्या खायच्या, पण ठेवायची. मोठा तुकडा अंगावरच्या पोराला पाजणारीला, त्याहून मोठा पोटुशीला. हे कोणी शिकवावं लागत नव्हतं. आणि अशा घरातून आलेला माणूस लातूरच्या बायकांपुढं बसून म्हणतो, प्रसाद म्हणून घ्या, आणि समजतो की बाई दाराला कडी लावून एकटी बसून तो खाईल. ध्यानात कसं आलं नाही? तो पुन्हा पुन्हा त्या मंडपात जाऊन बसत होता, स्वतःचा चेहरा बघत होता, तेव्हा मनाच्या एखाद्या कोपऱ्यात हे हललं होतं का ते शोधत होता. हललं असतं तर तो पापी ठरला असता. नसेल हललं तर मग तो कोण? शिकून शिकून आईचं घर विसरलेला माणूस. दोन्हींतलं कुठलं बरं हे त्याला ठरवता येईना.

मग नेहमीचा वकील उभा राहिला, प्रत्येक शिकलेल्या माणसाच्या पोटात असतो तो. एका लाडवात पूड ती केवढी. तिचे चार वाटे, सिद्धम्मा, अमरनाथ, अंजू आणि दुकानातला मुनीम अण्णाराव, जो म्हणे हल्ली फार गाढ झोपतो. चतकोरानं काय होणार? पहिलटकरणीचं असं जाणं नवं आहे का? दर गल्लीत एक तरी असते. त्या चतकोरानंच गेलं याचा पुरावा काय? पुरावा नाही, हे खरंच होतं. त्या चतकोरानं गेलं नाही याचाही पुरावा नव्हता. छापून आलेल्या त्याच्या लेखात एक ओळ होती, अभ्यासातल्या कोणत्याही व्यक्तीत गंभीर दुष्परिणाम आढळला नाही. तीही खरी होती. अंजू अभ्यासातली व्यक्ती नव्हती. ती फक्त चहा आणून ठेवायची, सासूची चप्पल सरळ करून ठेवायची, आणि मदतनीस मुली सासूला प्रश्न विचारत तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. तिच्याकडं बघून कोणी काही टिपून घेतलं नव्हतं. सगळं खरं असूनही माणूस खोटा पडू शकतो, हे राजशेखरला त्या गाडीत पहिल्यांदा कळलं. त्याच्या चेहऱ्याकडं बघून शेजारच्या माणसानं न विचारता खिडकीची जागा दिली.

आणि सिद्धम्मा? तिचं काय करायचं? गुरुलिंग, तिचा नवरा, गेल्यावर ती बोलायची बंद झाली होती. जेवण समोर ठेवलं तर निवून जायचं. पहिल्या भेटीत तिनं राजशेखरकडं ज्या डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांत तो माणूस आहे की खांब आहे याची नोंदसुद्धा नव्हती. वर्षभरानं समारोपाच्या कार्यक्रमात तीच बाई माईक हातात धरून म्हणाली, मी मेलेली व्हते, सरांनी उठवलं. राजशेखरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अभ्यास संपला, डबे बंद झाले, पण सिद्धम्माचा डबा त्यानं चालू ठेवला, कोणाची परवानगी न घेता, महिन्याच्या महिन्याला, स्वतः करवून. दया म्हणून नव्हे. आपलं उठवलेलं माणूस उभं राहिलेलं बघायला आवडतं म्हणून. आता त्याला वाटू लागलं की तिला तरी चतकोरानं काय झालं असेल? खरं तर तिला कशानं बरं वाटलं असेल हे उघड होतं. वर्षभर न बोलणारी बाई रोज सकाळी लाडू फोडून हाका मारू लागली, अमऱ्या ये, अंजू ये, अण्णाराव या हो, आणि माणसं येऊन तिच्यापुढं हात पसरू लागली. मुळीनं नव्हे, वाटण्यानं ती उठली. आणि आता तिला जाऊन सांगायचं की बाई, तू वाटू नको होतंस. चाकूर गेलं, लातूर जवळ आलं, आणि तिला न दुखवता हे सांगायची एकही रीत त्याला सापडली नाही.

दुकानात अण्णाराव तराजूपाशी बसला होता. पेंडीचा जाड, तेलकट वास. "सर आले," तो आत ओरडला. सिद्धम्मा बाहेरच्या खोलीत आली, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात निवडत असलेल्या मेथीची जुडी. तिच्या हालचालीत एक घाई होती, घरात मंगल काही असलं की बायकांच्या अंगात येते ती. "अंजू, सरांना सुशीला दे. चुरमुऱ्यात शेंगदाणे जास्तीचे घाल," ती म्हणाली. अमरनाथ माल उतरवायला गेला होता.

"आधी तो डबा आणा, सिद्धम्मा."

"आनते की. डबा कुटं पळून चाललाय?" तिनं डबा आणला आणि मांडीवर घेऊन बसली. "दोन सांगितले तर तुमी सोताच आलात. लई मोठं मन तुमचं."

"हा डबा मी परत नेतो. जुना झालाय."

"परसाद कुटं जुना व्हतो, सर?" ती हसली. अंजू सुशीलाची बशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. बारीक अंगाची, अजून काही दिसत नव्हतं. राजशेखरनं तिच्याकडं पाहिलं आणि नजर डब्यावर आणली.

"सिद्धम्मा, ह्यात एक मुळी आहे. आस्कंद म्हणतात. गरोदर बाईनं ती खायची नसते."

बोलून झालं तेव्हा क्षणभर त्याला सुटल्यासारखं वाटलं. मग त्यानं सिद्धम्माकडं पाहिलं. तिच्या हातातली मेथीची काडी मोडायची राहिली होती. ओठ हलत होते. ती मागं चालली होती, एकेक सकाळ करत, गेल्या वर्षाच्या सकाळींपर्यंत.

"मागल्या साली मी देत व्हते," ती म्हणाली. "माज्या हातानं. ही नको म्हनायची. वास येतोय म्हनायची. मी म्हनायची, परसादाला न्हाई म्हनू नई." मग तिनं सरळ विचारलं. "मी मारलं का, सर, ते लेकरू?"

तिचे डोळे बघता बघता पहिल्या भेटीतले होऊ लागले. राजशेखरनं ते पाहिलं आणि त्याचा धीर सुटला.

"नाही, नाही. तुमच्या डब्यात ती मुळी नव्हतीच कधी," तो म्हणाला. "आम्ही निम्म्या बायकांना साधेच लाडू दिले होते. अभ्यास असाच करतात. तुम्ही त्या साध्या लाडवाच्या. तुमच्या घरात औषध आलंच नाही."

"म्हंजी ज्वारी-गूळच?"

"ज्वारी, तीळ, गूळ. बस."

"मग मी बरी कशानं झाले?"

"तुमच्या तुम्हीच झालात, सिद्धम्मा."

मग तिच्या पोटातून हसू वर आलं, डोळ्यांतून पाणी, दोन्ही एकदम. "ऐकलीस का ग अंजू? मी माज्या मनानंच उठले म्हनं! आनि हे सर दीड वरीस मला गूळ खाऊ घालायलेत." तिनं पदरानं तोंड पुसलं. राजशेखरही हसला. त्याला आपल्या खोट्याचं कौतुक वाटलं, खरंच वाटलं. एका वाक्यात लेकरू तिच्या हातून सुटलं होतं आणि बरं होण्याचं श्रेयही तिला मिळालं होतं. हे खोटं इतकं चपखल बसलं की निम्मं तरी खरं असावं, असं वाटून तो टेकून बसला, बशीतली सुशीला त्यानं चमच्यानं हलवली.

"मग भ्यायचं कशाला?" सिद्धम्मा म्हणाली. तिनं डब्याचं झाकण काढलं, एक लाडू उचलला, कपाळाला लावला आणि मोडला. "हे सर सुनेची काळजी म्हनून उगं घाबरवायलेत. घे अंजू. आज आर्धा घे."

अंजूनं हात पुढं केला. सासूनं दिलं की घ्यायचं, तसा. विचार करायला वेळ मिळाला असता तर राजशेखरला दुसरं खोटं सुचलंही असतं. हा डबा वेगळा, ह्यात मुळी आहे, आधीच्यात नव्हती, असं काहीतरी. ते जिभेच्या टोकापर्यंत आलंही होतं. पण हात तोंडापाशी पोचला होता, आणि घाईत माणसाच्या तोंडून खरंच पडतं.

"थांब! औषध आहे त्यात!"

तो एवढ्यानं ओरडला की अण्णारावनं दुकानातून डोकावलं. अंजूचा हात तिथंच राहिला.

"आत्ता तर म्हनलात..."

"खोटं बोललो. औषध आहे. पहिल्यापासून आहे. मागल्या वर्षीही होतं." आता थांबता येईना. "पण त्यानंच गेलं असं कोणी म्हणू शकत नाही. चतकोर म्हणजे फार थोडं. पुष्कळ जणींचं तसंच जातं, काही न खाता जातं..."

सिद्धम्मा ऐकत नव्हती. तिनं अंजूच्या हातातून तो अर्धा लाडू काढून घेतला, डब्यात ठेवला, झाकण लावलं. हात झाकणावरच ठेवला.

"तुमी उदगीरचे न्हवं? आपल्यातलेच."

"हो."

"तुमच्या आईच्या हातचा परसाद कदी एकट्यानं खाल्लात का?"

"नाही."

"मग आमाला सांगताना ध्यानात आलं न्हाई?"

"नाही आलं," राजशेखर म्हणाला. दिवसभरात तो बोललेलं सगळ्यात खरं वाक्य हेच होतं, आणि त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता. त्याला वाटलं, आता ही शिव्या देईल. द्याव्यात असं त्याला मनापासून वाटलं. तिनं दिल्या नाहीत. तिनं अंजूचं मनगट धरून तिला खाली आपल्या शेजारी बसवलं आणि मनगट सोडलं नाही.

"झालं ते झालं," ती म्हणाली. आवाज अगदी कोरडा होता. "हिनं ह्या बारीलाबी खाल्लंय. रोज खाल्लंय. आता ह्या पोटातल्याचं नीट व्हईल का, तेवढं सांगा."

"आजपासून बंद. आत्ताच दवाखान्यात जाऊ, मी बरोबर येतो. तपासून घेऊ. बहुतेक काही होणार नाही..."

"बहुतेक नका म्हनू. नीट व्हईल का?"

"खात्रीनं सांगता येत नाही, सिद्धम्मा."

"मगाशी कसं खात्रीनं सांगितलात," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. ती विनवत होती. "तसंच सांगा की, सर. हिच्याकडं बगून सांगा."

अंजू मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघत होती. राजशेखरनं बोलायला तोंड उघडलं, आणि चष्मा काढून हातात घेतला.